मागच्या गच्चीतल्या पाट्या

मला शेवाळाची कधी कधी कीव येते. बिचारं एका कोपऱ्यात निमूट वाढत असतं आणि सगळे त्याच्या जिवावर उठतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, तर जन्मभर उठले होते. ते रंगारी. बाहेरच्या भिंती आणि पाण्याच्या टाक्या रंगवाव्यात तर त्यांनीच. शेवाळ धरू नये म्हणून त्या रंगात जहाल औषध असायचं, आणि अप्पा तो उघड्या हातांनी ढवळायचे. बोटांची सालं निघाली, मग छाती गेली. आता म्हातारपणी डोकंही दगा देऊ लागलं.

मी रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये आहे. शेवाळ मारायचं नाही, त्याला फक्त चिकटू द्यायचं नाही, असा बिनविषारी लेप करायचं खूळ अप्पांच्या खोकल्यानंच माझ्या डोक्यात भरवलं. "विषाशिवाय शेवाळ हटतं होय? करून दाखव, मग बोल," असं ते भानावर असताना म्हणायचे. मला दाखवायचंच होतं, त्यांना कळतंय तोवर. बाकी कारखाना गेला खड्ड्यात.

आमची मागची गच्ची कायम सावलीत, ओलसर. तिथं मी सिमेंटच्या पाट्या मांडल्या. निम्म्यांना माझा लेप, निम्म्या मुद्दाम कोऱ्या, तुलनेसाठी. वर्ष उलटलं. कोऱ्या पाट्या काळ्याहिरव्या, बुळबुळीत झाल्या. माझ्या पाट्यांवरून नुसतं बोट फिरवलं तरी लख्ख. आई म्हणाली, "घर एवढं स्वच्छ ठेवलंस तर उपकार होतील." सोमवारी कारखान्यातले साहेब पाट्या तपासायला नेणार होते. त्याआधी, रविवारी सकाळी, मी अप्पांना हाताला धरून गच्चीत नेणार होते. सकाळी त्यांचं डोकं जरा ताळ्यावर असतं.

शनिवारी कामावरून आले तर जिन्यातच तो वास. लहानपणापासून ओळखीचा, घशात बसणारा. गच्चीत अप्पा उकिडवे बसले होते. त्यांनी सगळ्या पाट्या तारेच्या ब्रशनं खरवडल्या होत्या, माझ्याही, आणि जुन्या डब्यातला तो विषारी रंग लावला होता. डबा कुठून उकरून काढला देव जाणे. काम मात्र एकसारखं, कुठं ओघळ नाही.

माझा तोल गेला. "काय करून ठेवलंत हे? माती केलीत सगळ्याची. कुणी सांगितले होते नसते उद्योग?" आई धावत आली, तर मी तिच्यावरही खेकसले.

अप्पांनी ब्रश डब्याच्या काठाला शांतपणे निथळला. परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"रागावू नका बाई," ते म्हणाले. "पाट्या माझ्या मुलीच्या आहेत. शेवाळ धरलं होतं. ती आली असती तर तिनंच रंगवायला घेतल्या असत्या. हा रंग फार वाईट. तिच्या हाताला लागायला नको." मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "माझे हात काय, गेलेलेच आहेत."

मला रडू आवरेना. पाट्या पुन्हा मांडता येतील. पुन्हा वर्ष जाईल, लेप खराही ठरेल. तेव्हा अप्पा असतील कदाचित, पण 'करून दाखव' म्हणणारे अप्पा नसतील.

मी बादलीत पाणी आणि साबण आणला, खाली बसले आणि त्यांचे हात हातात घेतले. त्यांनी ते मागे ओढले.

"राहू द्या बाई," ते म्हणाले, "तुमच्या हाताला लागेल."

मी धूत राहिले.