लाल चिठ्ठीचं मशीन

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'लालचिठ्ठी' म्हणायचे. एकतीस वर्षं ह्यांनी तयार माल तपासला आणि जो पसंत पडला नाही त्याला लाल चिठ्ठी बांधून परत पाठवला. निवृत्त झाले तेव्हा उरलेल्या चिठ्ठ्यांचं बंडल घरी घेऊन आले. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता नाही येत, कारण आता प्रश्न माझ्या पायाचा आहे. चार महिन्यांपूर्वी मी बाथरूममध्ये स्टुलावरून पडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मांडी पार वाळून गेली. मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, गेली बावीस वर्षं. दुसरा मजला, चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. मुख्याध्यापिकांनी गोड आवाजात सांगितलं की शाळा उघडेल त्या दिवशी वर येता आलं तर प्रयोगशाळा तुमची, नाहीतर खाली ऑफिसात टेबल देते. म्हणजे मी दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि माझ्या काचेच्या नळ्या दुसरं कुणीतरी फोडणार. आजच्या घडीला मला अकरा पायऱ्या जमतात.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, घरीच मशीन घ्या. बसायचं, नडगीवर टेकलेला दांडा पायाने वर उचलायचा, मागे वजनाच्या पट्ट्या वर जातात. हळूहळू पट्ट्या वाढवायच्या, की मांडी भरते. इतकी साधी गोष्ट. मला वाटलं, परवापर्यंत येईल.

परवा कसलं, सहा आठवडे गेले. पहिल्या मशीनची तार ह्यांनी दुकानात ओढून बघितली आणि बारीक आहे म्हणाले. दुसऱ्याच्या बैठकीला टेप लावली, तर माझे पाय लोंबकळणार होते. तिसरं रबरी पट्ट्यांचं होतं. रबर सैल पडतं, मग तू नक्की किती उचललंस ते कळणार कसं, हा ह्यांचा सवाल. पुढे पुढे आम्हाला बघितलं की दुकानदार आतल्या खोलीत जायला लागला. घरी ह्यांनी मशीनच्या मापाचा पुठ्ठा कापून हॉलमध्ये अंथरला, आणि मी काठी टेकत त्या पुठ्ठ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायचे. मी भांडले, विनवण्या केल्या, शेवटी दोन दिवस अबोला धरला. ह्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. हे तक्ता करत बसले होते.

एरवी हाच माणूस घरातली मोडकी वस्तू टाकून देईल तर शपथ. ज्या स्टुलावरून मी पडले तो अजून गॅलरीत पडून आहे, तीन पायांचा, लाल चिठ्ठी बांधलेला. टाका म्हटलं की म्हणतात, असू दे.

आज सकाळी एकदाचं मशीन आलं. दोन माणसांनी ते वर चढवलं, तासभर खपून जोडलं. मी ट्रॅक पँट घालून तयार बसले होते. आमचे हे टॉर्च घेऊन मशीनखाली आडवे झाले, ते बाहेर आले तेव्हा हातात लाल चिठ्ठी. खालच्या एका वेल्डिंगमध्ये मोहरीएवढं छिद्र होतं म्हणे. ती माणसं सांगून दमली की यावर तीन जण बसले तरी काही होणार नाही. बदलून दुसरं यायला चार आठवडे लागणार होते. शाळा उघडायला पाच उरलेत.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला मशीन नकोच आहे," मी म्हटलं. "मला त्या ऑफिसात बसवायचंय तुम्हाला."

ह्यांनी चिठ्ठीचा दोरा बांधला, गाठ नीट बसली का बघितलं. टॉर्च तशीच चालू होती.

"तो स्टूल मी दोन मिनिटांत पसंत केला होता," हे म्हणाले. "घाईत होतो. उलटा करूनसुद्धा बघितला नाही. एक पाय नुसता चिकटवलेला होता."

चार महिने मी समजत होते की माझाच तोल गेला. ह्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझा राग काही गेला नाही. ती दोन माणसं भिंतीकडे बघत उभी होती.

मग मी जाऊन मशीनवर बसले आणि सगळ्यात हलकी पट्टी लावा म्हटलं. ह्यांना विचारलं, "खरं सांगा, या छिद्राने मी पडेन?"

ह्यांनी टॉर्च बंद केली. खोटं बोलायची सवय नाही. "नाही," म्हणाले, "पण छिद्र आहे."

"असू दे."

पाय उचलला. मांडी थरथर कापत होती, घाम फुटला, तरी पट्टी वर गेली. हे खाली गुडघे टेकून बसले आणि माझ्या टाचेखाली हात धरून मोजायला लागले. आठ झाले. नववा अर्ध्यातून परत आला. मी वाकून चिठ्ठी सोडली आणि ह्यांच्या खिशात कोंबली.

माणसांनी विचारलं, मग आता खाली काय न्यायचं?

"गॅलरीत एक स्टूल आहे," मी म्हटलं. "तो घेऊन जा."

हे स्वतःच उठले आणि स्टूल घेऊन आले. दारात एकदा उलटा करून बघितला, आणि मग त्यांच्या हातात दिला.