मेट्रनबाईंचा ओटा

घरात बसवत नव्हतं म्हणून ती या मंडळात आली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. समाजसेवा वगैरे नंतर. परीक्षा होऊन गेली होती, निकालाचा पत्ता नव्हता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "मग, पुढे काय?" असं विचारून घरातली बिस्किटं संपवून जात होता. ती बसली की पाय हलवायची, उभी राहिली की पडदा सरळ करायची, पडदा सरळ असला तर आधी वाकडा करायची. "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या," असं आई म्हणायची. नाव तेच पडलं.

मंडळाचं काम सोपं होतं. आसपासच्या इमारतींत एकटी राहणारी म्हातारी माणसं होती. त्यांच्याकडे रोज कोणीतरी जायचं, हवं-नको बघायचं, जरा बोलत बसायचं. सगळी पोरं कॉलेजातली किंवा नुकतीच कॉलेजातून सुटलेली. त्यांचा म्होरक्या कॅप्टन. कुठल्या संघाचा कॅप्टन, असं विचारू नका. कोणत्याही खोलीत शिरला की इथे काय चुकलंय आणि ते कसं सुधारता येईल, हे तो लगेच सांगायचा, म्हणून कॅप्टन. मनाने सोन्यासारखा मुलगा. अशा मुलांना आवरणं फार कठीण जातं.

भिंगरीच्या वाट्याला मेट्रनबाई आल्या, कारण दुसरं कोणी त्यांना घेईना. बाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी आवाज अजून वॉर्डातलाच होता. पहिल्या दिवशी भिंगरी दारात पोचते न पोचते तोच आतून हुकूम आला, "चप्पल फरफटवू नकोस. पाय उचलून चालायचं."

मग खुर्चीवर बसवून हातात वर्तमानपत्र दिलं. "वाच. मोठ्याने."

"तुमचं वाचायचं राहिलंय का, आजी?"

"मला काय करायचंय वाचून? तू शब्द गिळतेस. ते थांबायला हवं."

असं रोज. कधी सुईत दोरा ओवायला लावायच्या, मुलींना एवढं यायलाच हवं म्हणून. कधी पत्र्याच्या डब्यावरून बोट फिरवून धूळ काढायच्या आणि ते बोट भिंगरीच्या नाकासमोर धरायच्या. भिंगरीने सवयीने स्टूल जरा भिंतीला सरकवलं, तर एवढ्या कडाडल्या की शेजारचं दार उघडलं. "वस्तूला हात लावायचा नाही. हात मांडीवर." भिंगरीला संताप यायचा. उद्यापासून जाणार नाही, असं ती रोज ठरवायची आणि रोज जायची, कारण त्या घरात तिला पुढे काय हे कोणी विचारत नव्हतं.

एके दिवशी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर बाईंनी तिला नेहमीसारखं घालवलं नाही.

"शनिवारी मुलगा येतोय," त्या म्हणाल्या. "म्हणतो, सहज भेटायला. सहज कसला? त्याच्याकडे माझ्यासाठी खोली रंगवून तयार आहे. इथे माझं काही अडतंय असं त्याला दिसलं, की गेले मी."

"मग जा की आजी. मुलगाच आहे ना."

"मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण इथे मी माझी आहे. तिथे मला हात धरून बाथरूमला नेतील." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "हे बाहेर बोलू नकोस."

आता भिंगरीच्या पोटात गोष्ट राहायची म्हणजे कठीणच. शिवाय तिला खरंच भीती वाटायला लागली होती. ही खडूस बाई निघून जाईल, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला, आणि आपल्याला एवढं का वाटतंय म्हणून ती स्वतःवरच चिडली. संध्याकाळी तिने कॅप्टनला सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" कॅप्टन म्हणाला. "घर असं करून टाकू की मुलगा आईला घेऊन जायचं विसरेल."

शनिवारी सकाळी बाई केस कापून घ्यायला कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाणार होत्या. मुलासमोर टापटीप दिसायचं होतं. मंडळातली एक मुलगी त्यांना घेऊन गेली आणि जाताना किल्ली कॅप्टनकडे देऊन गेली. जिना रिकामा झाला तसे कॅप्टन आणि भिंगरी बादल्या घेऊन आत घुसले.

भिंगरीला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. शेवटी हातांना काम मिळालं. ओट्यावरचे तऱ्हेतऱ्हेचे डबे, एक चेपलेला, एक उंच, एक गळ्याशी दोरा बांधलेला, सगळे उचलून माळ्यावर टाकले. कॅप्टनने घरून एकसारख्या बरण्या आणल्या होत्या. त्यात साखर, मीठ, चहा, रवा भरला आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरात नाव लिहिलेली चिठ्ठी डकवली. काड्यापेटी खिडकीतून काढून खणात गेली. मधोमध आडवं येणारं स्टूल दाराशी गेलं, खुर्ची उजेडाला, पाण्याचा जग फ्रीजमध्ये. औषधांच्या पट्ट्यांचं तर हसूच आलं. कोणाचा एक कोपरा कापलेला, कोणाचे दोन, कोणाची कड दातेरी. "म्हातारपणी कात्री हातात दिली की असं होतं," असं म्हणत कॅप्टनने खिशातून एक रंगीत डबी काढली. पिवळा कप्पा सकाळचा, हिरवा दुपारचा, लाल रात्रीचा. तो डॉक्टरांची चिठ्ठी बघून सांगत गेला, भिंगरी गोळ्या भरत गेली. पट्ट्या कचऱ्यात गेल्या. मग दोघं दाराशी उभे राहून बघत राहिले. घर जाहिरातीतल्यासारखं दिसत होतं.

खाली टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. मुलगा तासभर आधीच आला होता आणि आई त्याला फाटकातच भेटली होती; सोबतची मुलगी तिथूनच परतली होती. दोघं हातात हात घालून जिना चढत होते, बाई मोठ्याने बोलत होत्या. दारात आल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. नाक फुलवून त्यांनी हवा हुंगली. मग पाऊल टाकलं आणि स्टुलाला ठेचकाळल्या.

"आजी, घर आवरून ठेवलंय," कॅप्टन अभिमानाने म्हणाला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "वा," त्या म्हणाल्या. "छान."

इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना भिंगरीने कधी ऐकलं नव्हतं.

मुलगा पोक्त, जरा टकला, दमलेला माणूस होता. त्याने सगळं घर फिरून पाहिलं, मान डोलावली. "मस्त ठेवलंयस की, आई. तू बस, चहा मी करतो."

"माझ्या घरात चहा मीच करते."

त्या ओट्याशी गेल्या. हात खिडकीकडे गेला, काड्यापेटी नाही. हात तिथेच थांबला. भिंगरी खुर्चीच्या कडेवर आली. "खणात," ती पुटपुटली. बाईंनी खण उघडला. मग बरण्या. त्यांनी एक उचलली, हातात फिरवली, चिठ्ठी आली ती खालची बाजू वर. झाकण चाचपून ती सरळ केली, उघडून वास घेतला, ठेवली. दुसरी. तिसरीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मला याच गोष्टीसाठी चापट मारायचीस," मुलगा हसून म्हणाला.

कॅप्टनही हसला. भिंगरीला हसू फुटेना. चिठ्ठी उलटी होती. एवढी मोठी अक्षरं, बाईंच्या नाकासमोर, आणि उलटी. रोजचं वर्तमानपत्र, सुईदोरा, धुळीचं बोट, स्टुलावरून झालेला आरडाओरडा, सगळं एकामागून एक तिच्या डोक्यात येऊन आदळलं. बाईंना दिसत नव्हतं. थोडंसं कमी वगैरे नाही, दिसतच नव्हतं. आणि ज्या घराच्या आधाराने त्यांनी हे साऱ्या जगापासून लपवलं होतं, ते घर या दोघांनी सकाळी उचलून भलतीकडेच मांडलं होतं.

चहा मात्र फक्कड झाला. मुलाने दुसरा कप मागितला. बाईंच्या खांद्यांतला ताण जरा उतरला, आणि भिंगरीला वाटलं, निभावलं. आता मुलगा जेवून-खाऊन परत जाईल, मग आपण कान धरून माफी मागू.

"दुपारची गोळी झाली का?" मुलाने विचारलं.

"घेते ना." टेबलावरच्या नेहमीच्या जागी हात गेला. तिथे डबी होती, गुळगुळीत. बाईंची बोटं तिच्यावरून पुढे गेली, मागे आली. कप्प्यांना वास नव्हता, चवही नव्हती. मुलगा समोर बघत होता. बाईंनी लाल झाकण उघडलं.

लाल म्हणजे रात्रीची. रक्तदाब उतरवायची जोराची गोळी. भिंगरीनेच भरली होती. बोलावं तर बाईंचं बिंग फुटणार, गप्प बसावं तर बाई आडव्या होणार. तिचे हात नुसते शिवशिवत होते. गोळी ओठांशी गेली तशी ती उठली आणि तिने बाईंचं मनगट धरलं.

"आजी, ही नाही. ही रात्रीची."

मुलाने डबीकडे पाहिलं, डबीवरच्या रंगांकडे, मग आईच्या डोळ्यांकडे. त्याने हात वर करून आईच्या चेहऱ्यासमोर हळूच हलवला. बाईंची पापणी लवली नाही.

"कधीपासून?" त्याचा आवाज चिरकला.

"तुला कोणी विचारलं होतं मधे पडायला?" बाई भिंगरीवर ओरडल्या, पण ओरडण्यात दम नव्हता.

"आमची चूक आहे, काका," भिंगरी भडाभडा बोलायला लागली. "कालपर्यंत सगळं नीट होतं. कुठली वस्तू कुठे, ते आजींना बोटांनी कळायचं. पट्ट्यांचे कोपरे त्यासाठीच कापलेले होते. आम्हीच शहाणपणा केला."

"म्हणजे पोरांनी घर आवरलं तर माझी आई भलतीच गोळी खाऊन मरणार." मुलगा उठून येरझारा घालू लागला. "नाही आई, आता बास. उद्या तू माझ्याबरोबर येतेयस. मला तिकडे झोप लागणार नाही."

कॅप्टन मान खाली घालून उभा होता. त्याला रडू येत होतं आणि ते लपवता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, "येईन. आधी यांना माझा ओटा होता तसा करू दे."

दोघं धावले. माळ्यावरून डबे उतरवले आणि ओट्यासमोर येऊन दोघं थबकले. चेपलेला कुठे होता? उंच कशाच्या शेजारी? रोज इथे येऊन भिंगरीने साधं एवढंही पाहिलं नव्हतं. शेवटी बाई खुर्चीतून सांगत गेल्या आणि ते ठेवत गेले. मीठ दोरावाल्या डब्यात, भिंतीकडे. काड्यापेटी खिडकीत. पेला आणि जग कोपऱ्यात, नळाच्या डाव्या हाताला. कॅप्टन कचऱ्यातून पट्ट्या शोधून पुसत बसला. मुलगा येरझारा थांबवून हे सगळं बघत होता.

"झालं?" बाईंनी विचारलं. "आता तू मला एक सांग. तुझ्या घरात पाण्याचा जग कुठे असतो?"

"जग?" मुलगा गोंधळला. "टेबलावर. म्हणजे, कधी फ्रीजमध्ये. मुलं कुठेही ठेवतात. पण आई, तू हाक मारलीस की कोणीतरी—"

"दुपारी घरात कोणी नसतं तुमच्या. तेव्हा तहान लागली तर?"

भिंगरीला त्याची दया आली. चांगला माणूस होता आणि त्याला स्वतःच्या घरातलं पाणी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

"तिथे तुमचं काही चुकत नाही रे," बाई म्हणाल्या. "तुमचं हसतंखेळतं घर आहे, तिथे वस्तू हलणारच. पण आज तासाभरात माझं जे झालं, ते तिथे मरेपर्यंत होईल. इथे मला दिसतं. तिकडे मी आंधळी होईन."

मुलगा दाराशी तसाच उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले. घट्ट मिटले, लहान मुलं मिटतात तसे. हात पुढे केला आणि चालायला लागला.

दुसऱ्याच पावलाला त्याची नडगी स्टुलावर आपटली. स्टूल दाराशीच राहिलं होतं. भिंगरी खुर्चीतून अर्धी उठली.

"बस खाली," बाई तिच्याकडे न वळता म्हणाल्या. "कोणीही उठायचं नाही."

भिंगरी बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. आयुष्यात इतकं कष्टाचं काम तिने केलं नव्हतं. मुलगा भिंत चाचपत ओट्यापर्यंत गेला. उंच डबा, मग चेपलेला, मग दोरावाला. नळ लागला. तिथून डावीकडे जग, जगाशेजारी पेला. त्याने पाणी ओतलं, अर्धं हातावर सांडलं, उरलेलं उभ्या उभ्या पिऊन टाकलं. डोळे अजून मिटलेलेच होते आणि गाल ओले होते.

"राहा तू इथेच," तो म्हणाला. "मीच येत जाईन."

बाईंनी मान डोलावली.

"पेला होता तिथे ठेव," त्या म्हणाल्या.