चौकटीच्या मधोमध

सासऱ्यांनी काढलेला फोटो ग्रुपवरून उडाला, तेव्हा सून औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. फोनवर ओळ आली: 'विषय चौकटीबाहेर चालला आहे. पुन्हा असं झालं तर सभासदत्व रद्द.' खाली ॲडमिनचं नाव. या ॲडमिनला सगळा ग्रुप पाठीमागे हवालदार म्हणायचा. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. सुनेचं डोकं असं फिरलं, की खोकल्याचं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तिने पोटदुखीची बाटली ठेवली.

ग्रुप हौशी फोटोवाल्यांचा. प्रत्येक फोटोखाली आकडे लिहायचेच: लेन्स कुठली, ॲपर्चर किती, शटर किती. आकडे नसले, की फोटो बाद. विषय कडेला गेला, बाद. फोनवर काढलेल्या फोटोंचं तर नावच काढू नका. हौसेच्या कामाला एवढा पहारा कशाला, हे सुनेला कधी कळलं नाही. सासऱ्यांचा मात्र त्या ग्रुपवर जीव होता. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढले. आता नोकरी संपली होती, सासूबाईही राहिल्या नव्हत्या. उरला होता कॅमेरा आणि ही न पाहिलेली मंडळी. सकाळी चहा घेता घेता 'वाच गं, काय म्हणतायत' हे ठरलेलं.

ग्रुप तिच्याच फोनवर होता आणि वाचायलाही तीच लागायची, कारण म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. नजरेचा मधला भाग गेला, कडा शाबूत राहिल्या. समोर पाहिलं की समोरचंच पुसलं जायचं, जरा बाजूला पाहिलं की तेच कोपऱ्यात सापडायचं. फोटोही तसेच निघायचे. बाक कोपऱ्यात, सायकल कोपऱ्यात आणि मध्ये नुसती भिंत. सुनेला ते फोटो मनापासून आवडायचे. असे फोटो दुसऱ्या कोणी काढून दाखवावेत, असं ती दुकानात छाती फुगवून सांगायची.

"बाबा, मी त्यांना तुमच्या डोळ्यांचं कळवते. एका ओळीचं काम आहे," घरी आल्यावर ती म्हणाली.

"खबरदार! फोटो वाईट असला तर वाईट म्हणू देत. 'बिचारे' म्हणून घेणार नाही मी."

"पण काढून टाकतील तुम्हाला."

"टाकू देत," ते म्हणाले, पण रात्री जेवण अर्धंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचता वाचता थांबली. ग्रुपवर नव्याने आलेल्या एका बसचालक बाईंनी फोनवर काढलेला फोटो टाकला होता. हवालदाराने तो उडवला होता. बाईंनी खाली लिहिलं होतं, 'माफ करा, चुकीच्या घरात शिरले,' आणि त्या निघून गेल्या होत्या.

"तू पाहिलास तो? कसा होता?"

"काल पाहिला. छान होता. सगळी बस रिकामी आणि मागच्या सीटवर एकटं ऊन बसलेलं."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "ती बाई माफी मागून गेली आणि मी इथे तोंड मिटून माझा मान कुरवाळत बसलोय. लाज वाटायला हवी मला. ऊठ, उभी राहा तिकडे."

दुकानाचा ॲप्रन घालून निघायच्या तयारीत असलेली सून सवयीने खिडकीच्या कडेला जाऊन उभी राहिली, त्यांना दिसेल अशी.

"तिथे नको. मध्ये ये."

"मध्ये मी दिसणार नाही तुम्हाला."

"ठाऊक आहे मला. तू बोलत राहा."

मग ती बोलत राहिली. खोकला, पोटदुखी, गिऱ्हाइकाची झालेली पंचाईत, सगळं सांगितलं. आवाज येईल तिकडे त्यांनी कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. मग ते सांगत गेले आणि ती टाइप करत गेली:

'ही माझी सून. माझ्या डोळ्यांना मधलं दिसत नाही, म्हणून माझे फोटो कडेकडेने जातात. हा तिच्या आवाजावर काढलाय. सवलत नको. काढून टाकायचं तर खुशाल टाका, त्या बसवाल्या बाईंशेजारी जाऊन उभा राहीन. त्याआधी एवढंच सांगा, फोटोत मध्ये काय आहे?'

आकडे त्यांनी मुद्दाम दिले नाहीत.

पहिलं उत्तर हवालदाराचंच आलं: 'पन्नासची लेन्स असावी. ॲपर्चर दोन. फोकस डाव्या डोळ्यावर.'

सासऱ्यांना हसू आवरेना. "अरे देवा! ह्याला माणूस कसा दिसतो विचारलं, तर हा वजन सांगेल!"

दुपारी काउंटरवर फोन पुन्हा वाजला. हवालदाराची सूचना होती: 'बसचालक बाईंची माफी मागून त्यांना परत बोलावलं आहे. फोनवरचे फोटो चालतील. कडेचे विषयही चालतील. यापुढे फोटोखाली आधी काय दिसतंय ते लिहायचं, आकडे नंतर.' सुनेने ती दोनदा वाचली आणि समोरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगितलं, "माझ्या सासऱ्यांनी केलंय हे." गिऱ्हाईक बापडं बघतच राहिलं.

संध्याकाळी ती ॲप्रनही न काढता त्यांच्यापुढे बसली. त्या फोटोखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. शेवटी पुन्हा हवालदार होता, स्वतःचाच नियम पाळत.

"'काका, सकाळी सवयीने आकडे लिहिले. आता नीट पाहिलं. बाईंच्या ॲप्रनच्या खिशाला दोन पेनं आहेत, एकाला टोपण नाही. केस घाईत बांधलेत. बोलता बोलता तोंड उघडं राहिलंय. थकलेल्या वाटतात, आणि...'" ती अडखळली.

"पुढे?"

"काही नाही. पुढे आकडेच आहेत."

"सूनबाई, मला दिसत नाही. ऐकू नीट येतं."

तिने उरलेली ओळ वाचली. "'...आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाचा त्यांना इतका अभिमान आहे, की तो चेहऱ्यावर मावत नाहीये.'"

सासऱ्यांनी तिच्याकडे सरळ, अगदी समोर पाहिलं, जिथे त्यांना काहीच दिसत नसे.

"म्हणजे फोटो बरा आलाय."

"हो बाबा," ती म्हणाली. "एकदम मधोमध आलाय."