फूटपट्टी आणि अस्थिमहाराज

"हाडाला राग आलाय," अस्थिमहाराज म्हणाले.

त्यांच्या अंगणभर माणसं बसली होती. महाराजांनी सुताराच्या नडगीवरच्या वाहत्या जखमेवर कापसाचा बोळा दाबला, काहीतरी पुटपुटले आणि बोळा उचलला. चिमटीत हाडाची कांडी होती, अर्ध्या पेराएवढी.

"हा बघा राग. निघाला."

सुताराच्या बायकोने ती ओंजळीत घेतली, घरी डब्यात ठेवली. डबा भरत आला होता.

नडगी मोडून वर्ष झालं, हाड जुळेना. आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आतलं हाड कुजलंय. तेवढं कापू, पायाभोवती कड्यांचा सांगाडा बसवू आणि रोज एक मिलिमीटर ताणत नवं हाड वाढवू. वेळ लागेल, पण पाय राहील."

कापायचं म्हटल्यावर सुतार परत तिकडे गेलाच नाही. महाराज तर कुजलेलं हाड सुरीशिवाय काढत होते. दर सोमवारी ताप दोन दिवस उतरायचाही.

एका सोमवारी तो उतरला नाही. पाय मांडीपर्यंत सुजला. बायकोने दवाखान्यात डबा पुढे केला. "एवढं कुजलेलं निघालंय, बाई. आता थोडंच राहिलं असेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी एक कांडी उचलून उजेडात धरली. खाटेवरून सुतार म्हणाला, "अगं, पिशवीतली माझी घडीची फूटपट्टी दे."

त्याने चादरीवर कांड्या टोकाला टोक लावून मांडल्या. "माझी नडगी चौदा इंच. हे भरलं एकोणीस. फळीसुद्धा न मोजता कधी घेतली नाही मी."

"कोंबडीची हाडं आहेत," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "बोळ्यात लपवलेली. दाबल्यावर पू निघायचा, म्हणून ताप उतरायचा. तुमचं कुजलेलं हाड आहे तिथेच आहे."

"मग कापा की तेवढं."

"आता विष वर चढलंय, दादा. पाय ठेवला तर तुम्ही राहणार नाही."

सुताराने पट्टीची घडी घातली. "गिऱ्हाइकाला मीच सांगायचो गं, कुजकं लाकूड काढल्याशिवाय जोडाला लावलेला सरस धरत नाही."

पुढच्या सोमवारी बायको एकटीच महाराजांच्या अंगणात आली. महाराजांनी मान हलवली. "तुमची श्रद्धा कमी पडली, ताई."

"मोजणं कमी पडलं," ती म्हणाली. तिने पट्टी उलगडली आणि शेजारी सगळ्या कांड्या मांडल्या. मग महाराजांच्या ताटातला कोरा बोळा उचलून लोकांसमोर पिंजला. आतून कांडी पडली.

महाराज तेवढ्यात घरात शिरले.

"माझ्या माणसाचा पाय गुरुवारी कापला," ती म्हणाली. "आठ महिने मी हे जपून ठेवलं आणि एकदाही नीट पाहिलं नाही. तुम्ही पाहा. विचारा. मोजा."

रांगेत पुढे एक म्हातारा बसला होता. नडगीवर बांधलेलं फडकं ओलं झालेलं.

"उठा, काका," तिने हात पुढे केला. "दवाखान्यात जाऊ. तुमचा पाय अजून आहे."