काचेच्या बॉनेटखाली

आश्विनातलं ऊन कन्नड मुलखातल्या अग्रहारात, मामांच्या शेडमध्ये सकाळी तिरकं शिरतं, तेव्हा माझी मामी गाडीच्या पारदर्शक बॉनेटवर ओलं मलमल अंथरत असायची. ती पुसत नसे. रंगाऱ्याच्या घरातली लेक. ताजं रंगवलेलं कापड न पिळता निथळत ठेवायचं, हे लहानपणापासून हातांत मुरलेलं. तसंच ती हे फडकं पसरायची, धूळ त्याला चिकटू द्यायची आणि दोन टोकं धरून अलगद उचलायची. घासलं तर ओरखडे उठतात. मागे पाण्याचा पातळ थर उरायचा आणि त्याखाली, ओढ्याच्या तळाशी दगड दिसावेत तसं, स्थिर, स्वच्छ इंजिन.

ही गाडी रस्त्यासाठी नव्हतीच. मामा ज्या शोरूममध्ये विक्रीचं काम करत, तिथे ती नुसती उभी असायची. गिऱ्हाइकाला आतलं इंजिन दिसावं म्हणून पत्र्याचं बॉनेट काढून हे ॲक्रिलिकचं स्क्रूंनी घट्ट बसवलेलं. त्याखाली इंजिन चालू करायचं नाही, तापलं तर ॲक्रिलिक वाकतं, हा तिथला नियम. शोरूम बंद झालं, गाडी मामांकडे आली आणि नियमही तिच्याबरोबर घरी आला. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मामा पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवत, जाम होऊ नये म्हणून. हळदकुंकू बॉनेटला न लावता विड्याच्या पानावर ठेवत. आणि हवा कुठून शिरते, ठिणगी कुठे पडते, ते शेजाऱ्यांना बोट न टेकवता दाखवत. मागून मामी म्हणायची, ह्यांच्या इंजिनात काय आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक, बायकोच्या डोक्यात काय आहे ते विचारा जरा. मामा हसायचे. विचारायचे मात्र नाहीत.

मामी ही कानांनी जगणारी बाई. गल्लीत कुणाची स्कूटर वळली, कुकरमधलं पाणी संपत आलं का, शेजारच्या वरुणा गावाकडे पडणारा पाऊस इकडे येणार की नाही, हे ती मान जराशी कलती करून सांगते. अशा बाईच्या घरात इतकी वर्षं एक मुकं इंजिन होतं, आणि ते फक्त बघायचं होतं.

मामा गेल्या पौषात गेले. यंदा आयुधपूजा जवळ आली तशी मामीने रघूला, म्हणजे तिच्या मुलाला, आणि मला बोलावून सांगितलं की गाडी चालू करा. रघूला ते पटेना. त्यासाठी बॉनेट काढावं लागणार. ॲक्रिलिक म्हातारं झालेलं, स्क्रू गंजलेले, तडकलं तर दुसरं मिळणार नाही.

"अप्पांची एवढीच वस्तू राहिलीय, आई."

"बघून बघून साकाय्तु, पुरे झालं रे मला," मामी म्हणाली. "एकदा ऐकू दे."

वाद लांबवण्यात अर्थ नव्हता. मी मेकॅनिकला फोन केला.

त्याने तेल सोडून स्क्रू भिजू दिले. बाकीचे निमूट निघाले, शेवटच्याने टक् असा आवाज केला आणि कोपऱ्यातून मध्यापर्यंत, कोवळ्या पानातल्या शिरेसारखा, एक तडा गेला. मेकॅनिकचा हात थांबला. रघूने तोंड फिरवलं. ज्या बॉनेटला मामीने कधी उघडं बोट लावलं नव्हतं, त्याच्या तड्यावरून तिने आता सावकाश बोट फिरवलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, थांबलात कशाला, काढा.

मग कार्ब्युरेटर, प्लग, पेट्रोलची नळी, ब्रेक असं एकेक काम उरकलं. आयुधपूजेला हळदकुंकू पहिल्यांदाच थेट लोखंडाला लागलं. किल्ली रघूने फिरवली. इंजिन खोकलं, निळसर धूर ओकून गप्प झालं. मामी मागे सरली नाही. रघूने पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी ते अडखळलं, सावरलं आणि मग खालच्या पट्टीत, एकसारखं, बोलू लागलं. मामीने डोळे मिटले, मान कलती केली. आम्ही इंजिनाकडे नव्हे, तिच्याकडे बघत होतो.

"अय्यो, किती बोलतंय," ती म्हणाली. "उगाच गप्प बसवलं होतं ह्यांनी."

रघू हसला; पौषानंतर त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मामी कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली. पत्र्याचं नवं बॉनेट यायचं होतं, म्हणून उघड्याच इंजिनाने, बेताच्या वेगात, रघूने गाडी वरुण्याच्या रस्त्याला घेतली. मी मागे बसले. चढ आला की मामी आवाजातला बदल ऐकून म्हणे, दमलंय, गिअर बदल. आणि तिचं बरोबर निघे.

मामा त्या गाडीतून कधीच कुठे गेले नाहीत. तरी आता त्यांची आठवण निघाली की मला शोरूम दिसत नाही, पोटरीला आलेल्या भातामधून जाणारा तो रस्ता दिसतो. गेलेल्या माणसाच्या वाट्यालाही मागाहून थोडा काळ येत असावा, फक्त तो जगायला मागे राहिलेलं कुणीतरी लागतं.