लीडर माता, मारुती गल्ली

शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराला सुटली की मारुती गल्लीतली चौदा पोरं घरी दप्तरं टाकायची आणि हातपाय धुऊन सरिताच्या ओसरीवर येऊन बसायची. सरिता तोवर तुरीचे दाणे, खडू आणि जुनी वर्तमानपत्रं मांडून ठेवायची. दाण्यांचे दहा-दहाचे ढीग करायचे, पेपरातल्या मथळ्यातली जोडाक्षरं शोधायची, आणि शेवटी प्रत्येकानं एक उतारा मोठ्यानं वाचायचा. कुणी अडलं की सरिता सांगायची नाही. पुन्हा मागं जाऊन वाचायला लावायची.

करमाडपासून चार किलोमीटर आत असलेल्या या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक. मीनाक्षी मॅडम शहरातून इथं बदलून आल्या तेव्हा दुसरी-तिसरीतली निम्मी पोरं अक्षराला अक्षर जोडताना घामाघूम व्हायची. मॅडमनी प्रत्येक गल्लीत आयांचा एक गट केला. दर शनिवारी मुलांना घेऊन बसायचं आणि शाळेनं मोबाइलवर पाठवलेला अभ्यास करून घ्यायचा. गट सांभाळणाऱ्या आईला ‘लीडर माता’ म्हणायचं. मारुती गल्लीत कुणाला शेतातलं काम होतं, कुणाला लाज वाटत होती. सरिता मात्र लगेच हो म्हणाली.

त्याला कारण होतं. तिचा नवरा सुदर्शन शेंद्र्याच्या एका कारखान्यात होता. दीड वर्षापूर्वी जालना रोडवर ट्रकची धडक बसून तो गेला. तेव्हापासून सरिताला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही, शेजारच्या पोरीच्या हळदीला नाही. मॅडमचं बोलावणं हे दीड वर्षातलं पहिलं बोलावणं.

डिसेंबरच्या चाचणीत मारुती गल्लीतल्या चौदांपैकी बारा मुलांनी उतारा न अडखळता वाचला. सप्टेंबरात तो तिघांनाच येत होता. जानेवारीत पालकांच्या मोबाइल गटावर शाळेची सूचना आली: शुक्रवारी दुपारी दोन वाजता माता-पालक मेळावा व हळदीकुंकू. मुलांचं प्रकट वाचन, आयांच्या हाती प्रगतिपत्रकांचं वाटप आणि लीडर मातांचा ओटी भरून सत्कार. खाली चार गल्ल्यांची चार नावं होती. तीन नावांपुढे ‘सौ.’, एका नावापुढे ‘श्रीमती’.

त्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब शाळेत येऊन बसले. सुदर्शनचे ते चुलत चुलते.

“मॅडम, मारुती गल्लीचं नाव बदला.”

“का हो? निकाल तर त्याच गल्लीचा सगळ्यात चांगला आहे.”

“निकालाचं नाय म्हनत मी. ओटी भरायची हाय. बाया कुजबुजायल्यात. तिच्या शेजारी उभं राहून कोन कुंकू लावून घील?”

“मग ओटी नको भरायला. सगळ्यांना नुसतं प्रमाणपत्र देऊ.”

“संक्रांतीचं हळदीकुंकू हाय, दरसाल व्हतंय. ते मोडायचं काय?” तात्यासाहेबांचा आवाज चढला नव्हता. “आमची सून मोनिका त्याच गल्लीतली हाय, बी.ए. झालेली. तिचं नाव टाका. सरिताचं प्रमानपत्र तिला मागून हापिसात बोलवून द्या. मी कुठं नाय म्हनतो.”

मीनाक्षी मॅडमनी टेबलाकडे बघितलं. नव्या वर्गखोलीचा ठराव त्यांच्या टेबलावर होता. त्यावर अध्यक्षांची सही व्हायची होती. पहिलीची मुलं व्हरांड्यात बसत होती. मॅडमनी मनाशी स्वतःची समजूत घातली, की शेवटी मुलांचं हित महत्त्वाचं. संध्याकाळी गटावर दुसरी सूचना गेली, “सुधारित यादी.” मारुती गल्लीपुढे आता सौ. मोनिका होती.

ती यादी सरिताच्या आधी तिच्या लेकीनं वाचली. सोनिया तिसरीत होती आणि वाचता येऊ लागल्यापासून आईच्या मोबाइलवर आलेली एकही गोष्ट सोडत नव्हती. तिनं यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि विचारलं, “आई, तू नापास झालीस का?”

सरिता भाकरी थापत होती. तिनं हात न पुसताच मोबाइल घेतला. स्क्रीनवर पीठ लागलं.

“नापास कामून व्हईल?” चतुराबाई बोलल्या. त्या सरिताच्या सासू. “रीत हाय ती, पोरी. हळदीकुंकवात आपलं काय काम.”

“पण शनिवारी तर आईच शिकवती. मोनिकाकाकू एकदा बी नाय आली.”

“मोठ्यांच्या गोष्टीत बोलायचं नाय. जेव.”

चतुराबाईंचा नवरा सव्वीस वर्षांपूर्वी गेला. सुदर्शन तेव्हा सात वर्षांचा होता. त्या दिवसापासून कुणाच्या दारात तोरण दिसलं की त्या मागच्या गल्लीनं जायच्या. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्या आतल्या खोलीत भांडी मोजत बसल्या होत्या. अक्षता पडल्याचं त्यांना वाजंत्र्यावरून कळलं. सून विधवा झाल्यावर त्यांनी तिला एकेक गोष्ट शिकवली: कुठं जायचं नाही, कुठं मागं उभं राहायचं, कुणी ताट घेऊन आलं तर आधीच कसं उठून जायचं. त्यांना ते शिकवणं मायेचंच वाटत होतं. कुणी उठवण्याआधी उठलं की अपमान होत नाही, असं त्यांचं गणित होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मीनाक्षी मॅडम घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पण पाठ टेकली नाही.

“सरिता, तुमच्या कामाबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला माहितीये. प्रमाणपत्र तुमच्याच नावानं तयार आहे. सोमवारी ऑफिसमध्ये या, मी आणि सर मिळून देतो.”

“सोमवारी कामून, मॅडम?”

मॅडमनी खाली बघितलं. “तुम्हाला कळतंय ते.”

“मला कळतंय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

मॅडमनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मग सरिता म्हणाली, “मी चोरून शिकवलं नाय, मॅडम. गल्लीत बसून शिकवलं, सगळ्यांसमोर. द्यायचं तर सगळ्यांसमोर द्या. नाय तर राहू द्या. शनिवारी पोरं आली तर मी घेईनच.”

मॅडम उठल्या. शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली, तरी सगळ्या रस्त्यात त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. घरी त्यांचे पती हेमचंद्र यांनी मेळाव्याची तयारी झाली का असं विचारलं. “झाली,” एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी सरितानं धुतलेली निळी साडी नेसली.

“कुठं चाललीस?” चतुराबाईंनी विचारलं.

“शाळंत.”

“डोकं फिरलं का तुहं? ताट फिरायच्या वक्ताला मधी बसून काय करशील? लोक तोंडावर बोलतील.”

“सोनियाचं प्रगतिपत्रक घ्यायला चालले. आईनं घ्यायचं असं लिहिलंय. तिची आई मीच हाय ना?”

चतुराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. सरितानं त्यांना हात लावला नाही, बाजूनं वाटही काढली नाही. तशीच समोर उभी राहिली. शेवटी चतुराबाईच दोन पावलं सरकल्या.

शाळेच्या अंगणात कापडी मंडप घातला होता. साठेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सरिता दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिच्या डाव्या बाजूची बाई थोडी सरकली, उजव्या बाजूची उठून मागं गेली. समोर टेबलामागे तात्यासाहेब, सरपंचांच्या पत्नी करुणा आणि मीनाक्षी मॅडम.

करुणाबाईंनी हळदीकुंकवाचं ताट घेतलं. पहिली रांग झाली. दुसऱ्या रांगेत ताट एकेका कपाळापाशी थांबत पुढं सरकू लागलं. सरिताच्या आत सासूचा आवाज म्हणत होता, ऊठ, अजून वेळ आहे, ऊठ. तिनं सतरंजीची कड मुठीत धरली. ताट तिच्यासमोर आलं. करुणाबाईंचा हात क्षणभर अडला, मग त्यांनी नजर वळवली आणि पलीकडच्या बाईच्या कपाळाला बोट लावलं. मुलं बाजूला ओळीनं बसली होती. सोनियानं ते पाहिलं. चौदाही मुलांनी पाहिलं.

सरिता उठली नाही.

वाचन सुरू झालं. तीन गल्ल्या झाल्या, तीन सत्कार झाले. मग मीनाक्षी मॅडम कागद घेऊन उभ्या राहिल्या. “मारुती गल्ली. सप्टेंबरमध्ये उतारा वाचणारी मुलं तीन. डिसेंबरमध्ये बारा.” त्यांनी कागदाकडेच बघत पुढचं वाचलं. “लीडर माता, सौ. मोनिका.”

मोनिका उठली. तिनं जरीकाठाची साडी नेसली होती आणि सासऱ्यांच्या सांगण्यावरून नथही घातली होती. ती टेबलापाशी गेली. करुणाबाईंनी खण-नारळ पुढं केला. मोनिकानं पदर पुढं केला नाही.

“मी एक बी शनिवार घेतला नाय,” ती म्हणाली. आवाज इतका लहान होता, की मागच्या बायकांनी काय म्हणाली म्हणून एकमेकींना विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, “माझा शिवराज दुसरीत हाय. बी.ए. होऊन मला त्याला वाचायला शिकवता आलं नाय. मी चिडायचे, मारायचे. त्याला सरिताताईनं शिकवलं. मी ही ओटी कशी घेऊ?”

“मोनिका, बस खाली,” तात्यासाहेब म्हणाले.

ती बसली नाही. टेबलापाशीच उभी राहिली.

मीनाक्षी मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. “यादीतलं नाव मी बदललं,” त्या म्हणाल्या. “कुणी सांगितलं ते राहू द्या. बदललं मी. मुलांनी चुकीचं वाचलं तर मी त्यांना पुन्हा वाचायला लावते. मी पुन्हा वाचते. लीडर माता, मारुती गल्ली, श्रीमती सरिता.”

त्या कुंकवाचं ताट घेऊन स्वतःच दुसऱ्या रांगेकडे निघाल्या. सरिता उभी राहिली.

“कुंकवाचं माझं मी बघीन, मॅडम. ते कुणी लावायचं नि कुणी पुसायचं, हे इथं नको ठरवायला. तुम्ही माझं नाव घेतलं, तेवढं झालं. आता प्रगतिपत्रक द्या.”

तात्यासाहेब उठून निघून गेले. त्यांच्यामागून पंचवीस-तीस बायका उठल्या. काही उठता उठता घुटमळल्या आणि पुन्हा बसल्या. उरलेल्यांसमोर मारुती गल्लीच्या मुलांनी वाचन केलं. सोनियाचा आवाज दोनदा फाटला. दोन्ही वेळा तिनं मागं जाऊन ती ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बारा वाजले तरी ओसरीवर नऊच मुलं आली. पाच आली नाहीत. शिवराजही नव्हता. आदल्या संध्याकाळी तात्यासाहेबांच्या घरातून मोठमोठ्यानं बोलण्याचे आवाज आल्याचं गल्लीला ठाऊक होतं. वर्गखोलीच्या ठरावावर सही होणार नाही, असंही कुणीतरी सांगून गेलं.

सरितानं नऊ मुलांना उतारा दिला आणि पायांत चपला घातल्या. “मी बोलवून आणते.”

“थांब,” चतुराबाई म्हणाल्या. त्या आदल्या दुपारपासून सुनेशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. “मी येते.”

तात्यासाहेब अंगणात बाजेवर पेपर वाचत बसले होते. लग्न होऊन आल्यापासून चतुराबाई त्यांना ओळखत होत्या. त्यांना भाकरी वाढली होती, आजारपणात काढा दिला होता. पण विधवा झाल्यापासून या घराच्या समोरच्या दारानं त्या कधी आल्या नव्हत्या. आज त्या सरळ समोरून आत आल्या; सरिता अंगणाच्या कडेला थांबली.

“तात्या, शिवराजला पाठव. शनिवार हाय.”

“वैनी, तुमी तरी समजून घ्या. आपली रीत...”

“सव्वीस वर्सं मी गप उठून गेले, म्हनून तुला ती रीत वाटती,” चतुराबाई म्हणाल्या. “मला कुनी इचारलं नाय. माझ्या पोराच्या अक्षता मी बघितल्या नायत. आता माझी नात बघती, की तिच्या आईच्या म्होरून ताट कसं जातं. हे मी तिला शिकवनार नाय.”

तात्यासाहेबांनी पेपर मिटला. घराच्या दारात मोनिका आली. डोळे सुजलेले होते. तिनं शिवराजचं बोट धरलं होतं.

“मी बी जाते संगं,” ती म्हणाली. “चौदा पोरांना दोघी असल्या तर बरं पडंल.”

“सांच्याला घरी येशील तवा बोलू,” तात्यासाहेब म्हणाले.

मोनिकानं ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला, पण ती थांबली नाही. अंगण ओलांडून ती सरिताजवळ येऊन उभी राहिली.

गल्लीत बायका उंबऱ्याउंबऱ्यावर उभ्या राहून बघत होत्या. अजून चार घरं राहिली होती. चतुराबाई सगळ्यांच्या पुढं चालत पहिल्या घरापाशी गेल्या आणि त्यांनी दाराची कडी वाजवली.