नदीवेशीखालचा रस्ता

द्राक्षतोडणीच्या दिवसांत गाडीवान फिर्मँची वाइनच्या पिंपांनी भरलेली गाडी नदीवेशीच्या कमानीत अशी अडकली, की पुढे सरकेना आणि मागेही येईना. वरचं पिंप फुटलं, वाइन रस्त्यावर वाहिली, मागे गाड्यांची रांग घाटापर्यंत लागली. दुपारपर्यंत गावाच्या तोंडी एकच: वेस पाडा. बाकीच्या वेशी पाडून त्यांचे दगड योन नदीच्या धक्क्याला कधीच लागले होते. उरली होती ही एक, तिचे दोन बुरूज आणि मधला तट. नगरसभेने ठरावही करून टाकला.

लेओकादीची खाणावळ त्या तटाला पाठ लावून उभी होती आणि ती स्वतः निजायची डाव्या बुरुजात. नवरा गेल्यावरही तिने ती खोली सोडली नव्हती. नगराध्यक्ष आन्सेल्म तिचा धाकटा दीर. तो सूप पीत बसला होता तेव्हा ती त्याच्या घरी गेली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"कमान बुटकी नाही, भावोजी. रस्ता वर आलाय. पिढ्यान् पिढ्या गाव तिथे राख आणि राडारोडा टाकतंय."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला, वहिनी?"

"कोणी नाही. खणलं की कळेलच."

खाली कातळ लागला तर, असं त्याने विचारलं. तर कमानीवर पहिली पहार मीच घालीन, ती म्हणाली. ही चार दिवसांत दमेल अशा खात्रीने त्याने नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत मुदत दिली.

नदीला पाणी कमी, म्हणून नावाडी घाटावर रिकामेच होते. लेओकादीने त्यांना जेवण आणि वाइन कबूल केली आणि झगा वर खोचून स्वतः फावडं घेतलं. राख निघाली, कौलांचे तुकडे निघाले, हाडं निघाली. माती काही संपेना. फिर्मँ येताजाता विचारी, थेट नरकात उतरायचा बेत आहे का. वाटेत लागला तर त्यालाही बाजूला सारू, असं ती सांगे. एकदा मात्र बुरुजाच्या पायथ्याचा दगड सुटून खड्ड्यात आला. तिने काम थांबवलं, गवंडी आणून दगड पक्का बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्ड्यात उतरली.

कंबरभर खोलीवर फावडं खणकन वाजलं. खाली फरसबंदी होती, तिच्यावर जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या स्पष्ट उमटलेल्या. तिने दोन्ही बाजूंनी उतार काढवले. सणाच्या सकाळी फिर्मँने तीच गाडी, तितकीच पिंपं भरून, सगळ्या गावासमोर कमानीखालून नेली. वर वीतभर जागा राहिली. आन्सेल्मने टोपी काढली आणि ठराव रद्द करायचं कबूल केलं.

हिवाळ्यात नदी फुगली तेव्हा पाणी त्या खोलगट रस्त्यावरून सरळ आत आलं. खाणावळीचं तळघर बुडालं; लेओकादीने पिंपं आधीच वर चढवली होती. आन्सेल्म नावेतून तिच्या खिडकीपाशी आला.

"वहिनी, रस्ता जरा जास्तच खाली गेला म्हणायचा."

"मग नगरसभेला गटार बांधायला सांगा," ती म्हणाली, आणि खिडकीतून सूपचा वाडगा त्याच्या हातात दिला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला तिने त्याच नावाड्यांना बोलावलं.